सकाळच्या पहिल्या सेलला इंजिनची खडखड : एका गाडीचे निदान आणि दुरुस्ती

गाडी पेट्रोलवरची, 1.6 लिटरची, चार सिलिंडर, डबल कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे. ते फिरवायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. इनटेक कॅमवर व्हीव्हीटी, म्हणजे गरजेनुसार कॅमचे टायमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा. मीटर 1,18,000 किलोमीटर. तक्रार एका वाक्यात सांगता येण्यासारखी: रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेलला दोन-तीन सेकंद खडखड होते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. मग आवाज बंद, आणि दिवसभर गाडी गुपचूप चालते. चेक लाइट नाही, ओढ कमी नाही, मिसिंग नाही.

गाडी तपासायला येण्याआधी दोन गोष्टी झाल्या होत्या. कुणीतरी जाड ऑइल सुचवले म्हणून मॅन्युअलमधल्या 5डब्ल्यू-30 ऐवजी 20डब्ल्यू-50 भरले, आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दुसरे, आवाज ऐकताक्षणी ‘चेन गेली’ असा निकाल लागून पूर्ण चेन किट बदलायचा सल्ला मिळाला होता. चेन खरेच गेली असेल तर सल्ला बरोबर. पण पुढचे कव्हर, ऑइल चेंबर, इंजिनाचे माउंटिंग असे सगळे उघडण्याआधी एवढे तरी पाहावे, की आवाज बंद होतो तो कशामुळे. झिजलेले लोखंड तीन सेकंदांत भरून येत नाही. त्या तीन सेकंदांत इंजिनात एकच मोठा बदल होतो, तो म्हणजे ऑइलचा दाब तयार होतो.

या तक्रारीची अडचण अशी, की आवाज दिवसातून एकदाच मिळतो. एकदा सेल मारला की ऑइल वर चढते आणि पुरावा धुऊन जातो. म्हणून एका सकाळी एकच चाचणी करायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कळत नाही.

पहिल्या सकाळी फक्त ऐकायचे ठरवले. त्याआधी डिपस्टिक. रात्रभर उभ्या गाडीत, सपाट जागेवर ऑइल खालच्या खुणेच्याही साधारण 5 मिलिमीटर खाली होते. वरच्या खुणेपर्यंत यायला नंतर 1.3 लिटर लागले. या इंजिनात फिल्टरसह 4.2 लिटर ऑइल बसते, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा गायब. तरी त्या सकाळी टॉप-अप केले नाही. आवाज जसा होता तसाच हवा होता.

सेल एकच मिळणार म्हणून तीन फोन रेकॉर्डिंग लावून ठेवले: एक टायमिंग कव्हरच्या वरच्या बाजूला, एक खाली चेंबरजवळ, एक मागे गिअरबॉक्सच्या जोडाशी. हातात मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. नंतर रेकॉर्डिंग ऐकले तर आवाज सर्वांत ठळक पुढच्या बाजूला, हेड कव्हर आणि टायमिंग कव्हर जिथे भेटतात तिथे. कालावधी 2.8 सेकंद. हा आकडा पुढे प्रत्येक चाचणीत उपयोगी पडला. ‘आज जरा कमी वाटतोय’ असल्या अंदाजावर निदान चालत नाही. फोनवरच्या ध्वनिरेषेत आवाजाची सुरुवात आणि शेवट स्पष्ट दिसतो.

इतर संशयित इथेच बरेचसे बाद झाले. थंड पिस्टनचा ठोका असता तर तो इंजिन तापेपर्यंत, म्हणजे काही मिनिटे चालला असता, आणि ब्लॉकच्या अंगाला ऐकू आला असता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग फुंकत असते तर टिकटिक सिलिंडरच्या लयीत आली असती आणि लोखंड तापून फुगेपर्यंत टिकली असती. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले की ठोका जड, खोल आणि खालून येतो, आणि रेस दिल्यावर किंवा चढावर पुन्हा डोके वर काढतो. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सैल असेल तर हाताने ठोकल्यावर बंद गाडीतही वाजतो; हा वाजला नाही. फॅन बेल्टच्या टेन्शनरचा संशय मात्र राहतो, कारण तोही पुढेच असतो. त्यासाठी नंतर एका सकाळी बेल्ट उतरवून सेल मारला. आवाज होता तसाच. ही चाचणी जेमतेम दहा-पंधरा सेकंदांची ठेवायची, कारण पाण्याचा पंप बऱ्याच गाड्यांत याच बेल्टवर फिरतो.

उरले तीन: चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग; व्हीव्हीटीच्या फेझरची लॉक पिन (फेझर कॅमच्या चक्रात बसून कॅम पुढेमागे करतो, पिन बंद गाडीत त्याला जागी अडकवते); आणि या दोघांनाही ऑइल वेळेवर न पोहोचणे.

किती तासांनी येतो?

गाडीवाल्याला लोक विचारतात, ‘आवाज कधी येतो?’ उत्तर ठरलेले असते, ‘सकाळी.’ खरा प्रश्न आहे किती वेळ उभी राहिल्यावर येतो. इंजिन पूर्ण तापवून बंद केले आणि दर वेळी नव्याने मोजले. दहा मिनिटांनी सेल: आवाज नाही. एक तासाने: नाही. तीन तासांनी: अर्धा सेकंद. सहा तासांनी: 2 सेकंद. बारा तासांनी: 2.8. प्रत्येक सेलनंतर ऑइल पुन्हा वर चढते, म्हणून पुढचे अंतर पुन्हा शून्यापासून मोजावे लागते. अख्खा दिवस जातो, पण पाना न लावता इतकी माहिती दुसऱ्या कशातून मिळत नाही.

आवाज असा तासागणिक वाढत जातो तेव्हा ऑइल कुठूनतरी हळूहळू खाली उतरते आहे. लॉक पिनचा दोष बहुधा असा वागत नाही. गाडी बंद होताना फेझर नेमका लॉकच्या जागी आला की नाही यावर तो अवलंबून असतो, त्यामुळे कधी दहा मिनिटांनीही खडखडतो आणि कधी रात्रभर उभी राहूनही गप्प.

यानंतरची सकाळ निर्णायक ठरली. इंजिन पेटू न देता फक्त सेलवर फिरवून आधी ऑइल चढवायचे, आणि मग सुरू करायचे. पुष्कळ फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. इथे बटण-स्टार्ट असल्याने तो मार्ग सोडून इंजेक्टरचे कनेक्टर काढले. नुसता पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून भागत नाही. पाइपात उरलेल्या दाबावर इंजिन क्षणभर पेटते आणि सकाळ वाया जाते. पाच सेकंद सेल, अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा पाच सेकंद. दुसऱ्या वेळी ऑइलचा दिवा विझला. कनेक्टर जोडले, सेल मारला: खडखड शून्य. कनेक्टर काढल्याने कॉम्प्युटरमध्ये एक-दोन कोड साठतात, ते नंतर स्कॅनरने पुसायचे.

म्हणजे ऑइल आधी पोहोचले तर हेच टेन्शनर, हीच चेन, हेच फेझर चूप बसतात. याने ते निर्दोष ठरत नाहीत, पण चौकशी कुठून सुरू करायची ते ठरते.

गेज आणि फिल्टर

ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी साधे काट्याचे गेज बसवले. डॅशबोर्डवरचा दिवा फक्त दाब अगदी कमी आहे की नाही एवढेच सांगतो. काटा किती वेळाने उठला हे गेजच दाखवते. बारा तासांनंतरच्या सेलला काटा 2.6 सेकंद जागचा हलला नाही. मग झपकन 4 बारवर गेला, आणि त्याच सुमारास आवाज थांबला. तापल्यावर आयडलला 1.3 बार आणि 3000 आरपीएमला 4 बारच्या वर. हे आकडे पाहून पंप आणि बेअरिंग ठणठणीत आहेत असे म्हणायचा मोह होतो. पण आत 20डब्ल्यू-50 होते. जाड ऑइलवर झिजलेले इंजिनही चांगला दाब दाखवते. म्हणून हे आकडे तात्पुरते मानले.

पुढच्या सकाळी सेल न मारताच फिल्टर उतरवला. या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. फिल्टरचे तोंड वर असेल तर ऑइल त्याच्यात आपोआप राहते, पण आडव्या किंवा उलट्या फिल्टरला तोंडाशी रबराची पडदी लागते, जी ऑइलला पंपाकडे परत जाऊ देत नाही. पाव लिटरच्या आसपास ऑइल मावणाऱ्या फिल्टरमधून 60 मिलिलिटर निघाले. काडीने पडदी दाबून पाहिली: नवी पडदी जीभ दाबल्यासारखी दबते आणि लगेच परत येते, ही वाळलेल्या चामड्यासारखी कडक झाली होती आणि एका बाजूला जागेवर टेकतच नव्हती. साधे काळे नायट्राइल रबर गरम ऑइलमध्ये काळाने कडक होते. सिलिकॉनची पडदी जास्त दिवस मऊ राहते, म्हणून आडव्या फिल्टरला तीच घ्यावी. हा फिल्टर 14,500 किलोमीटर चालला होता. मधे ऑइल बदलले तेव्हा फिल्टर तोच ठेवला होता. ही काटकसर फार ठिकाणी दिसते, आणि ती चुकीची आहे.

रिकाम्या फिल्टरने एवढा फरक का पडावा, ते साध्या हिशेबात कळते. अशा आकाराच्या इंजिनातला ऑइल पंप एका फेऱ्यात साधारण 10 मिलिलिटर ढकलतो. सेलवर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला चार, 40 मिलिलिटर. पेटल्यावर गार आयडल 1200 धरला तर सेकंदाला 20 फेरे, 200 मिलिलिटर. त्यातून आधी फिल्टर भरायचा, मग ब्लॉकमधली मुख्य वाट, मग हेडची, आणि शेवटी टेन्शनर आणि फेझर. शिवाय चेंबरमध्ये ऑइल कमी असले की पंप सुरुवातीला हवाही ओढतो, आणि जाड गार ऑइल गाळणीतून सावकाश येते. तोवर इंजिन 1200 वर पळत असते आणि ढिली चेन गाइडवर, म्हणजे ती जिच्यावरून घसरते त्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटत असते. ऑइल बदलल्यावर कोरा फिल्टर लावून पहिला सेल मारला की अगदी धडधाकट गाडीही हाच आवाज एकदा काढते. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना या गाडीचा आवाज लगेच ओळखू येईल.

जुने ऑइल काढून मॅन्युअलप्रमाणे 5डब्ल्यू-30, 4.2 लिटर भरले. सिलिकॉन पडदीचा फिल्टर रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. निचऱ्याच्या बोल्टला नवा वॉशर. पहिला सेल इंजेक्टर बंद ठेवून, दिवा विझेपर्यंत. मग गेजवर पुन्हा मोजले: तापल्यावर आयडलला 0.9 बार, 3000 ला 3.4. मॅन्युअलच्या मर्यादेत. आता पंप आणि बेअरिंग ठीक आहेत असे म्हणता आले.

दुसऱ्या सकाळी काटा 0.7 सेकंदात उठला. आवाज 2.8 वरून 0.9 वर आला. पुष्कळ सुधारणा, आणि बरेच लोक इथे थांबतात. पण काटा उठल्यानंतरही पाव सेकंद खडखड राहते आहे, आणि एका आठवड्यानेही आकडा तोच आहे, याचा अर्थ आत ऑइल धरून ठेवायचे काम असलेला एखादा भाग ते धरत नाही.

फेझर की टेन्शनर

स्कॅनरवर कोड नव्हते. पी 0016 म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडल्याचा कोड नाही, म्हणून चेन चांगली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. चेनची एक कडी 8 मिलिमीटरची आणि कॅमच्या चक्राला 36 दाते असतील तर चक्राचा घेर 288 मिलिमीटर. म्हणजे चेन 1 मिलिमीटर लांबली तर कॅम सव्वा अंश मागे पडतो. क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ताणाच्या बाजूला 45 कड्या, 360 मिलिमीटर. चेन अर्धा टक्का वाढली, आणि एवढी वाढ झाली की चेन बदलायचा विचार सुरू करावा लागतो, तर त्या बाजूला 1.8 मिलिमीटर, कॅमचे सव्वादोन अंश, क्रँकचे साडेचार. इतक्या फरकावर पुष्कळ कॉम्प्युटर अजून कोड टाकत नाहीत. म्हणून कोडपेक्षा लाइव्ह डेटामधला कॅमचा प्रत्यक्ष कोन आणि अपेक्षित कोन पाहावा. इथे तापलेल्या आयडलला फरक दीड अंशाच्या आत आणि स्थिर होता.

हेड कव्हर काढले. इनटेक कॅमवर पाना लावायला षटकोनी जागा असते. त्यावर पाना लावून हलकेच पुढेमागे हलवले: फेझर लॉक असेल तर कॅम आणि चक्र एकत्र हलतात, लॉक पिन झिजली असेल तर कॅम एकटा ‘टक्’ करून सरकतो. इथे तसे काही झाले नाही. फेझर संशयातून सुटला.

आता टेन्शनर. या इंजिनात तो बाहेरून दोन बोल्टवर निघतो, पुढचे कव्हर उघडावे लागत नाही. सगळ्या गाड्यांत अशी सोय नसते. काढण्याआधी पहिला सिलिंडर टीडीसीवर, म्हणजे त्याचा पिस्टन सर्वांत वर, आणून खुणा जुळवल्या. टेन्शनर बाहेर असेपर्यंत क्रँक अजिबात फिरवायचे नाही. चेन एक-दोन दाते उडाली आणि तसाच सेल मारला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात, आणि छोट्या कामाचे हेड उतरवण्यात रूपांतर होते. कॅमच्या चक्रावर चेन प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवली तर मनाला शांतता राहते.

टेन्शनरची रचना साधी असते. स्प्रिंग प्लंजरला बाहेर ढकलते, इंजिनाचे ऑइल एका बारीक छिद्रातून त्याच्यामागे भरते, आणि छिद्राच्या तोंडाशी असलेली गोळी ते परत जाऊ देत नाही. बाजूला दाते आणि खिटी, म्हणजे प्लंजर एका दात्यापेक्षा जास्त मागे सरकू नये. पण त्या एका दात्याच्या अंतरात, साधारण 2 मिलिमीटर, त्याला रोखून धरणारे ऑइलच. ऑइल नसेल तर प्लंजर तेवढ्या जागेत हातोड्यासारखा पुढेमागे होतो. पाव सेकंदाची उरलेली खडखड ती.

जुना आणि नवा, दोन्ही टेन्शनर वाटीभर ऑइलमध्ये बुडवून प्लंजर दहा-बारा वेळा पंप करून भरले. मग खिटी उचलून अंगठ्याने दाबले. नवा दगडासारखा, जोर लावून धरल्यावर प्लंजर अगदी सावकाश खाली जातो आणि कडेने ऑइल पाझरते. जुना अंगठ्याखाली सेकंदाच्या आत बसला, आणि मागच्या छिद्रातून ऑइलची चिळकांडी उडाली. गोळी तोंडावर बसत नव्हती. छिद्राच्या कडेला तपकिरी, लाखेसारखा थर होता. जास्त चाललेल्या ऑइलची ही खूण. रॉकेलने धुऊन असा टेन्शनर कधीकधी चालता होतो, पण चिळकांडी पाहिल्यावर तोच परत बसवण्यात अर्थ नाही.

प्लंजर किती बाहेर आला होता हेही काढताना मोजले: दात्यांच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून कमी. चेन फार लांबली असती तर तो जवळजवळ शेवटच्या दात्यावर सापडला असता. हेडच्या बाजूने आणि टेन्शनरच्या भोकातून टॉर्चने जेवढा गाइड दिसतो त्यावर चेनचे चरे नखाला लागतील इतकेच होते, तुकडा उडालेला नव्हता. चेंबरच्या ऑइलमध्ये प्लास्टिकचे कणही नव्हते. लाइव्ह डेटा, प्लंजर आणि गाइड, तिघांची साक्ष एकच, म्हणून चेनला हात लावला नाही.

नवा टेन्शनर नव्या पॅकिंगसह बसवला. एम6 बोल्टला 10 न्यूटन मीटरच्या आसपासच टॉर्क लागतो. इथे मोठ्या पान्याचा उत्साह दाखवला तर अॅल्युमिनियममधले आटे उखडून येतात. नव्या टेन्शनरचा प्लंजर दाबून ठेवणारा हूक सोडण्याची पद्धत गाडीगणिक वेगळी. काहींत पिन ओढायची, काहींत क्रँक थोडे उलटे फिरवून मग सुलटे. ते मॅन्युअलमध्ये पाहूनच करावे, कारण हूक न सुटलेला टेन्शनर असून नसल्यासारखा, आणि तसा सेल मारला तर चेन उडण्याची भीती असते. हूक सुटल्यावर चेन बोटाने दाबून ताठ आहे ना ते पाहिले, पट्टी काढली, क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे सुलट फिरवून खुणा पुन्हा जुळवल्या. हेड कव्हरला नवे पॅकिंग. पुन्हा इंजेक्टर बंद ठेवून सेल, दिवा विझल्यावर सुरू.

बारा तासांनी: आवाज नाही. सलग पाच सकाळी नाही. तीन दिवस उभी ठेवून पाहिली, तेव्हा दोन-तीन टिकटिक, 0.3 सेकंदाच्या आत. एवढे चालवून घ्यायला हरकत नाही.

एक धागा उरतो: 1.3 लिटर ऑइल गेले कुठे? खाली थेंब नव्हते, कूलंटमध्ये तवंग नव्हता. दर 1000 किलोमीटरला डिपस्टिकवर नोंद ठेवायला सांगितले. पहिल्या हजारात साधारण 150 मिलिलिटर कमी झाले. ऑइल बदलल्यावर हजारो किलोमीटर, मधे न पाहता, गाडी चालवली तर या वेगाने खालची खूण ओलांडली जाणारच. म्हणून ऑइल आणि फिल्टर दोन्ही एकदम, दर 7,500 किलोमीटरला. पुढच्या बदलीच्या वेळी कॅमचा कोन पुन्हा पाहायचा आहे. दीड अंश तीनवर गेला, किंवा रात्रभर उभी राहिल्यावरचा आवाज 0.5 सेकंदाच्या पुढे परतला, तर मात्र चेन, गाइड आणि तिन्ही चक्रे एकदमच काढायची.